बैलाचा खांदा, तीस एमएलची बाटली आणि गिधाडं: डायक्लोफेनॅक प्रकरण पहिल्यापासून

डी.फार्मला, म्हणजे औषधशास्त्राच्या डिप्लोमाला असताना डायक्लोफेनॅक मला तोंडपाठ होतं. सूज, दुखणं, ताप, तिन्हीवर चालतं, पोटात आग करतं म्हणून जेवणानंतर घ्यायचं, किडनीच्या पेशंटला जपून द्यायचं, हे सगळं पेपरात लिहून मी मार्क पण घेतलेत. पण त्या दोन वर्षांत कुणी एकदाही सांगितलं नाही की याच औषधानं आपल्या देशातली जवळजवळ सगळी गिधाडं मारली. मला ते कळलं नोकरीला लागल्यावर, एका पक्षी बघणाऱ्या मित्राकडून, आणि खरं सांगतो, आधी पटलंच नाही. मग वाचत गेलो. आज सगळं एका जागी लिहून काढतोय, कारण औषधांमुळं होणारं प्रदूषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं कारखान्याचं फेसाळ पाणी येतं, आणि या प्रकरणात ना कारखाना होता ना नाला. मेलेल्या ढोराच्या मांसात उरलेला औषधाचा बारीकसा अंश, एवढंच.

आधी गिधाडं किती होती ते बघा. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा ८० च्या दशकात जगातला सगळ्यात जास्त संख्येनं असलेला मोठा शिकारी पक्षी असावा असं पक्षीतज्ज्ञ लिहायचे. आमच्या नाशिक जिल्ह्यातली म्हातारी माणसं अजून सांगतात, गावाबाहेर माळावर मेलेला बैल नेऊन टाकला की माणसं घरी पोचेपर्यंत आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या, आणि थवा मोठा असला तर तासाभरात फक्त हाडं उरायची. वास नाही, माशा नाहीत, कुत्री गोळा होत नाहीत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथंच मरतात. कुणी पगार देत नव्हतं, कुणी कंत्राट काढत नव्हतं, काम होत होतं.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेचे डॉ. विभू प्रकाश ८० च्या दशकात गिधाडांचा अभ्यास करत होते. तेव्हा तिथं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. ९६ मध्ये ते परत गेले तर घरटी निम्म्यापेक्षा कमी, झाडांखाली मेलेली गिधाडं, काही तर घरट्यातच मरून पडलेली, आणि जी जिवंत होती ती मान खाली टाकून बसलेली. बाजूला मेलेली गुरं तशीच पडलेली होती म्हणजे उपासमारीचा प्रश्नच नव्हता. पुढं देशभर गाड्या फिरवून मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली, लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळपास ९७ टक्के. हजारात एक उरला असं म्हटलं की आकडा कळतो. २००० मध्ये तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त यादीत गेल्या. २००३ पर्यंत केवलादेवमध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं एकही घरटं राहिलं नव्हतं.

कारण काय? आधी सगळ्यांचा संशय कीटकनाशकांवर गेला, तपासलं तर तेवढं प्रमाण निघेना. मग वाटलं एखादा नवा व्हायरस असेल, रोग पसरतो तशीच मरणं पसरत होती, आणि बरीच वर्षं शोध त्याच दिशेनं चालला. मला यात कुणाची चूक वाटत नाही, मी पण व्हायरसच शोधला असता. मेलेल्या पक्ष्यांना उघडलं की आतमध्ये एकच चित्र दिसायचं, हृदय, यकृत, किडनी सगळ्यावर खडूची पूड शिंपडल्यासारखा पांढरा थर. तो थर युरिक अ‍ॅसिडचा. आपण शरीरातला नायट्रोजन युरिया करून लघवीतून टाकतो, पक्षी युरिक अ‍ॅसिड करून टाकतात, शिटेतला पांढरा भाग असतो ना तोच. किडनी बंद पडली की ते बाहेर जायला वाट नाही, मग ते रक्तात साठतं आणि अवयवांवर जमतं. याला आतल्या अवयवांचा गाउट म्हणा हवं तर. म्हणजे मरण किडनीमुळं, इथपर्यंत कळलं होतं. किडनी कशानं जाते ते कळत नव्हतं.

गाठ सुटली पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुवैद्य आणि पेरेग्रीन फंड या शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे लोक तिथं काम करत होते. त्यांनी मेलेली २५९ गिधाडं तपासली, त्यातल्या ८५ टक्क्यांना हाच गाउट. जंतू सापडेना, जड धातू नाहीत, कीटकनाशकं नाहीत. मग त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. लॅब सोडून ते गुरांच्या डॉक्टरांकडं आणि औषधाच्या दुकानांत गेले, आणि विचारलं, असं कोणतं औषध आहे जे किडनीवर जातं, तोंडावाटे पोटात गेलं तरी लागू पडतं, आणि अलीकडं गुरांना सर्रास दिलं जातंय? उत्तर सगळीकडं एकच आलं. मग साठवलेल्या नमुन्यांत डायक्लोफेनॅक शोधलं. गाउट असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांच्या किडनीत ते सापडलं. गाउट नसलेली, दुसऱ्या कारणानं मेलेली १३ होती, त्यात एकातही नाही. पंचवीसात पंचवीस आणि तेरात शून्य, असा निकाल विज्ञानात क्वचित मिळतो. नंतर डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं मांस पिंजऱ्यातल्या गिधाडांना घालून बघितलं, त्यातली बरीचशी तसाच गाउट होऊन मेली. जानेवारी २००४ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात हे छापून आलं. भारत आणि नेपाळमधल्या मेलेल्या पक्ष्यांतही तेच निघालं.

आता माझ्या लाइनचा भाग, इथं जरा रेंगाळतो. डायक्लोफेनॅक हे काही साठून राहणारं औषध नाही. डीडीटीसारखं वर्षानुवर्षं चरबीत बसत नाही. गाईच्या अंगातून ते काही दिवसांत निघून जातं. म्हणजे धोका कधी, तर इंजेक्शन दिलं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं तर. पण विचार करा, इंजेक्शन कुठल्या जनावराला देतात? जे आजारी आहे त्यालाच. आणि दगावतं कुठलं? तेही आजारीच. म्हातारी गाय बसली, उठेना, तर माणूस शेवटचा उपाय म्हणून दुखणं कमी करणारी सुई मारतो, दुसऱ्या दिवशी ती मरते, आणि माळावर जाते. औषधाचा अंश सगळ्यात जास्त यकृतात आणि किडनीत असतो आणि गिधाड मऊ अवयव आधी खातं. आणि गिधाडाला लागतं तरी किती, वजनाच्या दर किलोला मिलिग्रॅमचा दहावा-पाचवा हिस्सा गेला तरी निम्मी मरतात. पाच किलोच्या पक्ष्याला एक मिलिग्रॅम म्हणजे खूप झालं. आपण माणसं जी गोळी खातो ती पन्नास मिलिग्रॅमची असते. गंमत अशी नाही की सगळेच पक्षी इतके नाजूक असतात, अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर नावाच्या गिधाडाला याच्या शंभरपट डोस दिला तरी काही झालं नाही. म्हणजे दुसऱ्या खंडातल्या गिधाडावर चाचणी करून ‘सुरक्षित आहे’ असा शिक्का मारला असता तरी इथली गिधाडं मेलीच असती.

मग प्रश्न उरतो की किती मेलेल्या गुरांत औषध असलं म्हणजे अख्खी जात संपेल. बऱ्याच लोकांना हेच पटत नव्हतं, की एवढ्या मोठ्या देशात कितीशा गुरांना सुई दिली असेल. ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं, उत्तर आलं शंभरात एकापेक्षाही कमी. ढोर एक, पण त्यावर बसतात पन्नास-शंभर गिधाडं, आणि प्रत्येक गिधाड तीन-चार दिवसांनी नव्या ढोरावर. वर्षाला जोडीचं अंडं एकच, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं. मोठे पक्षी मरायला लागले तर भरून निघतच नाही. आणि प्रत्यक्षात काय होतं, तर २००४-०५ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतून मेलेल्या गुरांच्या यकृताचे १८०० वर नमुने घेतले, दहातल्या एकात डायक्लोफेनॅक निघालं. जात संपायला शंभरात एकही जास्त, आणि इथं शंभरात दहा.

इतक्या गुरांना ते का दिलं जात होतं, तर स्वस्त झालं म्हणून. ९० च्या दशकात पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांची जेनेरिक आली आणि भाव कोसळला. यात मी शेतकऱ्याला अजिबात दोष देत नाही. ज्याचा बैल पेरणीच्या तोंडावर खांदा येऊन, म्हणजे जू घासून खांदा सुजून, उभा राहिला, किंवा गाईला कासदाह झालाय आणि कासेला हात लावू देत नाही, त्याला कमी पैशात लगेच गुण देणारं औषध मिळालं तर तो ते वापरणारच, आणि जनावराच्या वेदना कमी करणं हे चांगलंच काम आहे. औषधही वाईट नाही. ते कुणाच्या पोटात जाऊन पोचतं हे परवानगी देताना कुणी तपासलं नाही, दुखणं तिथं आहे.

गिधाडं गेल्यावर मेलेली गुरं तशीच सडायला लागली. कुत्री वाढली. कुत्री वाढली की चावे आणि रेबीज. अनिल मार्कंड्या आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हिशोब मांडला, १९९२ ते २००६ मध्ये यामुळं किमान ५५ लाख कुत्री जास्त झाली आणि अंदाजे ४७ हजार माणसं रेबीजनं जास्तीची गेली. मग २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांचा पेपर आला, त्यांनी जिथं पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथं मुळातच कमी होती ते जिल्हे अशी तुलना केली, डायक्लोफेनॅक येण्याआधीची आणि नंतरची. गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून जास्त वाढले, २००० ते २००५ या काळात साधारण पाच लाख जास्तीचे मृत्यू असा त्यांचा अंदाज, त्यात रेबीज आणि दूषित पाणी दोन्ही धरून. पाच लाख माणसं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडं तर मुंबईत डुंगरवाडीला पारशी समाजाची दखम्याची, म्हणजे प्रेत गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायची, शेकडो वर्षांची रीत अडली, सोलर कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऊन एकवटून प्रेत वाळवणारे आरसे, बसवावे लागले, आणि २०१५ मध्ये वरळीला ज्यांना अग्नी द्यायचाय त्यांच्यासाठी प्रार्थनागृह सुरू झालं. ज्या घरात आजोबांची रीत नातवाला पाळता आली नाही, त्या घरावर काय गुदरलं असेल.

उपाय मात्र लवकर सापडला, हे मान्य करायला हवं. मेलॉक्सिकॅम नावाचं त्याच घरातलं औषध गिधाडांवर तपासलं, काही होत नाही असं २००६ च्या सुरुवातीला छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात ड्रग कंट्रोलरचं पत्र निघालं की जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद, २००८ मध्ये रीतसर राजपत्रात आलं. नेपाळ आणि पाकिस्ताननंही २००६ मध्येच बंदी घातली. बंदीनंतरच्या दोन वर्षांत मेलेल्या गुरांतलं प्रमाण दहावरून सहा-सात टक्क्यांवर उतरलं.

पण शून्यावर का नाही आलं? याचं उत्तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. २०१३ च्या आसपास मी एका तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये शिकाऊ होतो. एक काका आले, म्हणाले, बैलाला खांदा आलाय, ती मोठी बाटली द्या. मोठी बाटली म्हणजे ३० एमएलची, माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची. आता माणसाला एका वेळी लागतं ३ एमएल, मग ३० एमएलची बाटली कुठल्या माणसासाठी बनवली होती? बैलाला १०-१५ एमएल लागतं, एका बाटलीत दोन डोस, बरोबर बसायचं. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं की जनावरांना वापरू नये. काकांना इंग्रजी येत नव्हतं आणि शेठनी बघितलं नाही. मी वाचलं होतं, आणि गप्प बसलो, बाटली कागदात गुंडाळून दिली. २००७ ते २०१० मध्ये अकरा राज्यांत दुकानांची पाहणी झाली होती, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त दुकानांत असंच गुरांसाठी डायक्लोफेनॅक मिळत होतं, म्हणजे आमचं दुकान काही वेगळं नव्हतं, पण त्यानं मला बरं वाटत नाही. अखेर जुलै २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन फक्त एका डोसच्या ३ एमएल पॅकमध्येच विकायचं असा नियम आला. औषध कंपन्या मद्रास हायकोर्टात गेल्या, ऑक्टोबर २०१७ मध्ये कोर्टानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. त्यानंतर बैलाला द्यायचं तर चार-पाच अँप्युल फोडा, महाग पडतं आणि कटकट वेगळीच. मला विचाराल तर बंदीच्या पत्राइतकंच काम या पॅकच्या नियमानं केलं असणार, आणि तो यायला नऊ वर्षं लागली.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते ती. डायक्लोफेनॅक बंद झाल्यावर त्याच जातीची दुसरी औषधं गुरांसाठी खपायला लागली, किटोप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड. यातलं एकही गिधाडांवर आधी तपासून बाजारात आलं नाही. किटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे २००९ मध्ये सिद्ध झालं. अ‍ॅसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच तयार होतं, फार्मसीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला रेणूची आकृती बघून शंका यावी असं ते आहे, म्हणजे बंदी घातलेलं औषध आपण वेगळ्या नावानं टोचत होतो. निमेसुलाइड असलेली, गाउट झालेली, डायक्लोफेनॅक अजिबात नसलेली मेलेली गिधाडं सापडल्याचं २०१६ मध्ये छापून आलंय. आणि बंदी? किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर ३१ जुलै २०२३, निमेसुलाइडवर २०२४ च्या अगदी शेवटी. बांगलादेशनं किटोप्रोफेन २०२१ मध्येच देशभर बंद केलं होतं. एकदा ९९.९ टक्के गिधाडं घालवून झाल्यावरही आपण नियम तोच ठेवला, आधी विकू द्यायचं, पक्षी मरायला लागले की तपासायचं, आणि मग आठ-चौदा वर्षांनी थांबवायचं. ज्या जनावराचं मढं उघड्यावर पडणार आहे त्याला टोचायचं औषध ते मढं खाणाऱ्यावर आधीच तपासलं पाहिजे, एवढी एक अट २००६ मध्ये घातली असती तर ही तीन औषधं दुकानात आलीच नसती. आणि ही चूक फक्त आपलीच नाही, आपल्याकडं एवढं होऊन गेल्यावर २०१३ मध्ये स्पेननं गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली, आणि २०२० मध्ये तिथं काळ्या गिधाडाचं पिल्लू त्यानं मेलेलं सापडलं.

नेपाळचं काम बघितलं की जरा धीर येतो. तिथं गावागावातून दुकानातलं डायक्लोफेनॅक गोळा करून बदल्यात मेलॉक्सिकॅम दिलं, पिठौली गावात लोकांनी म्हाताऱ्या गाई सांभाळायला घेतल्या, त्या आपल्या मरणानं मेल्या की गिधाडांना बिनऔषधाचं खाणं, आणि २०१३ च्या सुमाराला तिथली घसरण थांबून संख्या हळूहळू वाढायला लागली. आपल्याकडं २०१५ च्या मोजणीत पांढऱ्या पाठीची साधारण ६ हजार, लांब चोचीची १२ हजार आणि बारीक चोचीची फक्त हजारभर. महाराष्ट्रात रायगडला म्हसळा-श्रीवर्धन भागात, नाशिकला अंजनेरीच्या कड्यांवर, गडचिरोलीत थोडी टिकून आहेत, आणि हरसूलजवळ खोरीपाड्याला, फणसाडला, गडचिरोलीत गिधाड उपाहारगृहं चालवली गेली, म्हणजे औषध न दिलेलं मेलेलं जनावर ठरलेल्या जागी आणून ठेवायचं. ही कामं करणारे गावातले लोक आणि वनखात्याची माणसं, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, मढं ओढून आणायला कुणाला आवडतं.

हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली, मोठ्या पिंजऱ्यात सवय करून नंतर सोडली. पण गिधाड जंगलाची हद्द मानत नाही, एका दिवसात शंभर किलोमीटर सहज जातं. म्हणून सोडायच्या जागेभोवती शंभर किलोमीटरचा पट्टा या औषधांपासून मोकळा असावा असं ठरवलेलं आहे, आणि त्या पट्ट्यात वाघापेक्षा मेडिकलची दुकानं कितीतरी जास्त आहेत.

आता काउंटरवर मी असतो तेव्हा कुणी गुरासाठी दुखण्याचं इंजेक्शन मागितलं की आधी डॉक्टरची चिठ्ठी मागतो, आणि मेलॉक्सिकॅमच देतो. काही जण म्हणतात याचा गुण उशिरा येतो, त्यांना सांगतो उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. आणि अजून एक सांगतो, सुई दिल्यापासून आठवड्याच्या आत जनावर गेलं तर कोणतं औषध होतं याची खात्री नसेल तर माळावर टाकू नका, खड्डा खणून पुरा. बहुतेक जण विचारतात, का? मग दुकानात गर्दी असली तरी मी सांगत बसतो.